भारा, उडवी आणि खेळ

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे शिलालेख, नाणीं, बखरी व दप्तरांतील कागद आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. वसईच्या बाबतींत या साधनांची उणीव नाहीं. सोपाऱ्यास अशोकाच्या शासनांचे तुकडे सांपडले. १५३४ पासून १७३९ पर्यंत चाललेल्या पोर्तुगीज अमलाची साक्ष किल्ल्यांतील पडक्या भिंती आजहि देत आहेत. चिमाजी आप्पांच्या मोहिमेचीं पत्रें छापून निघालीं आहेत. परंतु ज्या शेतकऱ्याच्या भातावर हे सर्व अंमल पोसले गेले, तो या कागदांत आला तो सारा भरणारा म्हणून. त्याच्या हातांतील कसब कागदांत आलें नाहीं. राजाची तरवार दप्तरांत नोंदली गेली, शेतकऱ्याचा भारा मात्र नुसता मोजला गेला. त्या भाऱ्याविषयीं चार शब्द लिहावे, असा या लेखाचा हेतु आहे. आणि त्यासाठीं वाचकांस कांहीं वेळ वसईहून थेट स्कॉटलंडपर्यंत यावें लागणार आहे.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीं आमच्या घरामागें भातशेतें होतीं. दिवाळीच्या सुमारास कापणी होई. कापलेलें भात दोन-तीन दिवस उन्हांत वाळे, मग पेंढ्याच्याच पिळलेल्या बंदांनीं त्याचे भारे बांधीत, ते डोक्यावरून खळ्यावर नेत, आणि झोडणी होईपर्यंत त्यांची उडवी रचून ठेवीत. उडवी रचणारा वर उभा असे. तो कणसें आंत व बुंधे बाहेर अशा रीतीनें भारे गोलाकार लावी. अवेळीं पाऊस आला तरी पाणी बुंध्यांवरून ओघळून जाई आणि दाणा कोरडा राही. उडवी पुरुषभर झाली म्हणजे खरी कसोटी लागे ती खालून भारा फेकणाराची. आमच्या आळींतील एक वृद्ध शेतकरी या कामांत मोठे वाकबगार होते. आम्ही मुलें त्यांस नाना म्हणत असूं. अंगानें ते किडकिडीत. परंतु चांगले धट्टेकट्टे तरुण जो भारा छातीपर्यंत नेऊन थांबत, तो नाना वरच्या माणसाच्या हातांत अलगद नेऊन सोडीत. मीहि एकदां तो उद्योग करून पाहिला. भारा सुटून माझ्याच डोक्यावर आला, खळ्यावर हंशा पिकला, आणि नाना म्हणाले, “पोरा, भारा हातानें फेकायचा नसतो, कमरेनें फेकायचा. हातानें त्याला नुसती वाट दाखवायची.” उडवीकडे बहुतेक पाठ करून, पाय फांकून, बंदाला धरलेला भारा ते एक-दोनदां गुडघ्यांजवळ झुलवीत, आणि तिसऱ्या झोल्याला सबंध शरीर सरळ होत असतां तो आपोआप वर निघून जाई.

पुढें कॉलेजांत इतिहास शिकवूं लागल्यावर स्कॉटलंडांतील मर्दानी खेळांची माहिती वाचनांत आली, आणि हल्लीं जीं चलच्चित्रें घरबसल्या पाहावयास मिळतात त्यांतून ते खेळ प्रत्यक्ष पाहतां आले. झाडाचा सोट उभा धरून तो उलटा फेकणें, दगड फेकणें, हातोडा भिरकावणें इत्यादि प्रकारांबरोबर तेथें एक प्रकार दिसला आणि नानांची आठवण झाली. तिकडे त्यास ‘शीफ टॉस’ म्हणतात. आपण त्यास पेंढीफेक म्हणूं. तागाच्या पोत्यांत पेंढा दाबून भरतात. पुरुषांच्या स्पर्धेंत त्या पोत्याचें वजन बहुधा १६ किंवा २० पौंड, म्हणजे सुमारें सात किंवा नऊ किलो असतें. लांब दांड्याच्या, दोन किंवा तीन दात्यांच्या लोखंडी आंकड्यानें तें उचलावयाचें आणि दोन खांबांवर बसविलेल्या आडव्या दांडीच्या पलीकडे फेकावयाचें. प्रत्येक उंचीस तीन प्रयत्न मिळतात. जो उंची साधतो त्याच्यासाठीं दांडी आणखी वर चढते. वीस पौंडांचें पोतें तीस फुटांहून उंच नेणारे खेळाडू आहेत. तीस फूट म्हणजे तीन मजली घराची गच्ची, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या खेळाची मातब्बरी कळेल.

या खेळाचें मर्म बळांत नाहीं असें नाहीं. परंतु नुसत्या बळांत तें खास नाहीं. खेळाडू दांडीकडे पाठ करून उभा राहतो. आंकड्याचे दाते पोत्यांत फार खोल गेले तर पोतें आंकड्याला चिकटून राहतें व त्याच्याबरोबरच खालीं येतें. वरवर रोंवले तर झोल्याच्या मध्येंच तें निसटतें. दाते बेतानें रोंवून तो पोतें लंबकासारखें एक-दोनदां झुलवितो, गुडघे वांकवितो, आणि मग पाय, कंबर व पाठ हीं एकामागून एक सरळ होतात. इतका वेळ हात दोरीसारखे लांब व सैल असतात. त्यांचें काम अगदीं शेवटीं. आंकडा डोक्यावरून मागें जातां जातां त्याची गति आवरली कीं पोतें दात्यांवरून निसटून पुढचा प्रवास एकटें करितें. तें क्षणभर लौकर सुटलें तर खेळाडूच्या समोर उडतें, आणि क्षणभर उशिरां सुटलें तर सपाट जाऊन दांडीच्या खालून निघतें. वर फेकलेल्या वस्तूची उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें आपण शाळेंत शिकलों आहों. वेग दुप्पट झाला तर उंची चौपट होते. लांब दांडा, मोठा झोला व योग्य क्षणीं सुटका, या तिहींनीं हा वेग साधतो. हल्लीं कांहीं खेळाडू फेकण्यापूर्वीं सबंध अंगाची एक गिरकी घेतात, तीहि याच वेगासाठीं. नानांनीं पदार्थविज्ञान वाचलें नव्हतें. परंतु ‘कमरेनें फेक’ या दोन शब्दांत त्यांनीं तें सर्व सांगून टाकलें होतें.

आतां प्रश्न असा उद्भवतो कीं, एकाच कामांतून निघालेलें हें कसब तेथें खेळ होऊन टिकलें आणि आमच्याकडे खळ्याबरोबर कां नाहींसें झालें? या प्रश्नाचें उत्तर दोन्ही देशांच्या इतिहासांत शोधावें लागेल.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील टोळ्यांचा कलोडनच्या लढाईंत १७४६ सालीं पुरता मोड झाला. वसई मराठ्यांनीं घेतली त्याला तेव्हां सात वर्षें झालीं होतीं. त्या पराभवानंतर इंग्रज सरकारनें कायदा करून तेथील लोकांचीं शस्त्रें काढून घेतलीं व त्यांचा परंपरागत पोषाखहि बंद केला. खेळसुद्धां बंद केले होते अशी एक समजूत रूढ आहे. परंतु कायद्याचा रोंख शस्त्रांवर व पोषाखावर होता. पोषाखाची बंदी १७८२ मध्यें उठली. सालबाईच्या तहानें इंग्रजांनीं वसई मराठ्यांस परत दिली तें वर्षहि हेंच. यापुढें शरण आलेल्या या डोंगरी लोकांच्या पलटणी इंग्रजी साम्राज्याच्या कामीं लागल्या. पेशव्यांनीं ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईस जो तह केला, त्यांतून दुसरें इंग्रज-मराठा युद्ध उद्भवलें. आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या तोफांच्या तोंडीं ज्या गोऱ्या पलटणी उभ्या होत्या, त्यांत चौऱ्याहत्तरावी व अठ्ठ्याहत्तरावी या दोन्ही हायलंडर पलटणी होत्या. एका पराभूत जातीचे तरुण दुसऱ्या जातीच्या पराभवासाठीं आले होते, आणि त्या पराभवाचा कागद आमच्या वसईंत लिहिला गेला होता. स्कॉटलंडचा व आमचा संबंध हा असा आहे.

इकडे त्या पलटणी लढत असतां तिकडे त्यांचीं गांवें ओस पडत होतीं. मेंढरांच्या कुरणांतून अधिक पैसा मिळतो असें पाहून जमीनदारांनीं कुळांस पिढीजात जमिनींवरून हुसकून लावलें. आणि ज्या शतकांत हें घडलें, त्याच शतकांत मर्दानी खेळांचे मेळे थाटानें भरूं लागले. १८४८ मध्यें व्हिक्टोरिया राणी ब्रेमारच्या मेळ्यास गेली, आणि ज्या पोषाखाला शंभर वर्षांपूर्वीं बंदी होती तो राजमान्य झाला. जमीनदार अध्यक्षस्थानीं व हुसकलेल्या कुळाचा मुलगा मैदानांत, असें हें दृश्य होतें. तेव्हां तिकडे सर्व कांहीं न्यायाचें होतें म्हणून खेळ वाढले, असा भोळा समज वाचकांनीं करून घेऊं नये.

पेंढीफेक तर या मेळ्यांत मागाहून आलेली. ती शेतकऱ्यांच्या गांवजत्रांतील. तिला अस्सल हायलंड खेळ म्हणावें कीं नाहीं, याविषयीं जाणत्यांत मतभेद आहेत, आणि तेथील प्रत्येक मेळ्यांत ती असतेच असेंहि नाहीं. मौजेची गोष्ट ही कीं, पेंढी उचलण्याचें काम संपविणाऱ्या यंत्रांचा आरंभ स्कॉटलंडांतच झाला. मळणीचें यंत्र ॲंड्र्यू मीकल या स्कॉट कारागिरानें १७८६ च्या सुमारास सिद्ध केलें. कापणीचें यंत्र पॅट्रिक बेल या स्कॉट धर्मोपदेशकानें १८२८ मध्यें चालवून दाखविलें. पुढें कापणी व मळणी एकदम करणारें यंत्र आलें, आणि पेंढी बांधण्याचें व गंजीवर फेकण्याचें कारणच उरलें नाहीं. परंतु काम गेलें तरी हात राहिला. पोतें आलें, दांडी आली, नियम आले. त्यांत आमचाहि एक धागा आहे: पेंढीचें पोतें ज्या तागाचें, तो ताग एके काळीं बंगालच्या शेतांतून डंडीच्या गिरण्यांत जाई. बंगाली शेतकऱ्याचें श्रम स्कॉट शेतकऱ्याच्या खेळाभोंवतीं असे गुंडाळले गेले.

आतां आपल्याकडे वळूं. १८१८ मध्यें राज्य गेलें, आणि लढवय्या वर्गाच्या हातांतील शस्त्र हळूहळू निरुपयोगी झालें. तेव्हां शरीरबळाची परंपरा राहिली ती तालमींत. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभट देवधरांनीं मल्लखांबाचें पुनरुज्जीवन केलें, हें सर्वश्रुत आहे. जोडी, करेल, मुद्गल, लाठी, बोथाटी यांची शिस्त तालमींनीं जतन केली. विसाव्या शतकांत या परंपरेला संस्थांचें रूप आलें. पुण्यास १९०६ मध्यें डेक्कन जिमखाना निघाला. अमरावतीस १९१४ मध्यें हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला गेला, आणि तेथील मंडळी १९३६ मध्यें बर्लिनपर्यंत जाऊन आमचे देशी खेळ दाखवून आली. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. हें कार्य थोर आहे, आणि त्याच्या ऋणांत आपण सर्वच आहों.

तरी एक गोष्ट नजरेंतून सुटूं नये. या परंपरेचीं बहुतेक साधनें मल्लाचीं किंवा शिपायाचीं आहेत. शेतकऱ्याचें साधन त्यांत क्वचित् दिसतें. शेतकऱ्याच्या पोरांचे पाय मात्र एकदां कोणाच्या तरी ध्यानांत आले. १९१९ मध्यें डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धांवणारे खेड्यांतील तरुण दोराबजी टाटांनीं पाहिले, आणि पुढच्याच वर्षीं अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस हिंदी खेळाडू गेले. त्यांत बेळगांवचे चौगुले व सदाशिव दातार मॅरॅथॉन धांवले. याच सामन्यांत छप्पन्न पौंडांचें वजन फेकण्याची स्पर्धा होती. हा प्रकार स्कॉटलंड-आयर्लंडच्या मेळ्यांतला. एका देशाच्या शेतकऱ्याचा हात व दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्याचा पाय अशा रीतीनें एकाच सामन्यांत उतरले होते. आमचा पाय दिसला. आमचा हात कां दिसला नाहीं?

याचें एक उत्तर आमच्या समाजरचनेंत आहे. आमच्याकडे जो श्रम करीत होता त्याला व्यायामाची गरज आहे असें कोणास वाटलें नाहीं, आणि ज्याला व्यायामाची गरज वाटली तो श्रम करीत नव्हता. मुद्गल फिरविणें प्रतिष्ठेचें, मुसळ चालविणें बायकांचें व मोलकऱ्यांचें. वस्तुतः खांदा दोहोंत सारखाच चालतो. बैलगाड्यांची शर्यत हा एक शेतकऱ्याचा खेळ टिकून आहे. २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें तो बंद पडला, आणि २०२३ मध्यें त्याच न्यायालयानें राज्याचा नवा कायदा वैध ठरविल्यावर त्याचा मार्ग निर्वेध झाला. परंतु त्यांतहि गुलाल उधळला जातो तो बैलावर व बैलाच्या धन्यावर. बैल राखणाऱ्या गड्याचें नांव जिंकल्या दिवशींहि फारसें कोणी घेत नाहीं.

दुसरें उत्तर अधिक कठोर आहे, आणि तें आमच्याच जिल्ह्यांत सांपडतें. वसईच्या किनारपट्टीवर नानांसारखे घरच्या जमिनीचे लहान शेतकरी होते. परंतु उत्तरेस डहाणू-तलासरीकडे वारल्यांची स्थिति निराळी होती. त्यांना वेठ होती, लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं गडी म्हणून राबणें होतें. १९४५ मध्यें शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या साह्यानें ते उठले, तेव्हां लढ्याचा एक मुख्य प्रश्न गवताच्या कापणीचा होता. पांचशें पौंड गवत कापल्यास अडीच रुपये मजुरी मिळावी, ही त्यांची मागणी. त्या ऑक्टोबरांत तलवाड्यास जमावावर गोळीबार झाला व त्यांत वारली मेले. गोदावरीबाईंनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत हा काळ लिहून ठेवला आहे. गवताच्या भाऱ्याचें वजन जेथें पौंडांत मोजलें जात होतें तें मजुरी ठरविण्यासाठीं, आणि त्या मजुरीसाठीं जेथें माणसें मेलीं, तेथें तो भारा कोणी हौसेनें उंच फेकील अशी अपेक्षा करणें हीहि एक क्रूर थट्टाच होईल.

तेव्हां मला वाटतें तें असें. श्रमाचा खेळ व्हावयाचा तर श्रम करणाराचें बळ दिवसाच्या शेवटीं थोडें तरी त्याच्या स्वतःच्या मालकीचें उरलें पाहिजे, आणि तें बळ पाहावयास कोणीतरी थांबलें पाहिजे. स्कॉट शेतगडीहि पराव्या जमिनीवर राबत होता. परंतु कापणी संपल्यावर जत्रेच्या दिवशीं त्याचें बळ त्याचें होतें, आणि पाहणारे भोंवतीं उभे होते. डहाणूच्या वारल्याजवळ पहिली गोष्ट नव्हती. वसईच्या नानांजवळ ती होती. त्यांना दुसरी मिळाली नाहीं. कापणीनंतर कार्तिक वद्य एकादशीस निर्मळची यात्रा भरते. सबंध वसई तेथें लोटते. त्या यात्रेंत दोन बांबू उभे करून, त्यांवर आडवी काठी बांधून, ‘पाहूं या कोण भारा पलीकडे टाकतो’ असें म्हणण्यास मोठेसें भांडवल लागलें नसतें. आम्हां शिकलेल्या लोकांच्या मनांत तें आलें नाहीं. आम्ही त्या काळांत क्रिकेटचे आंकडे पाठ करीत होतों. आणि मी स्वतः त्यांतलाच एक होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

यावर कोणी म्हणेल कीं, श्रमाला खेळाचे कपडे चढविणें ही सुखवस्तु लोकांची करमणूक आहे. ज्याच्या पाठीचा कणा भाऱ्याखालीं वांकला त्याला त्या भाऱ्याचें कौतुक नको असतें. हा आक्षेप खोटा नाहीं. यंत्र आलें व पाठ सुटली, याचें दुःख मानण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु पाठ सुटणें निराळें आणि पाठीनें मिळविलेलें ज्ञान पुसून जाणें निराळें. तरवारीचें युग संपलें म्हणून आपण पट्ट्याचे हात विसरलों नाहीं. उलट त्यांचीं चित्रें काढलीं, त्यांना नांवें दिलीं, ग्रंथांत त्यांस जागा दिली. मग भाऱ्याच्या हातालाच नांव कां नसावें?

आज आमच्या घरामागें शेत नाहीं. वसई-विरार ही २००९ पासून महानगरपालिका आहे. २०११ च्या शिरगणतींत तिची लोकसंख्या बारा लाखांवर भरली. जेथें उडवी रचली जाई तेथें चार मजल्यांची इमारत उभी आहे, आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावरील खिडकी साधारण तितक्या उंचीवर येते जितक्या उंचीवर तो स्कॉट खेळाडू आपलें पोतें नेतो. तरी अद्याप सर्व संपलेलें नाहीं. भुईगांव-गास बाजूस, कामणकडे, आणि जिल्ह्याच्या आंतल्या तालुक्यांत भात पिकतें, आणि ज्यांनीं उडव्या रचल्या असे साठी-सत्तरी ओलांडलेले पुरुष व स्त्रिया आपल्या शेजारीं आहेत. स्कॉटलंडचा खेळ उचलून येथें आणावा असें माझें म्हणणें नाहीं. ज्यांच्या ओळखींत असें कोणी असेल त्यांनीं या दिवाळींत त्यांच्याजवळ जाऊन बसावें. भारा कसा बांधीत, बंद कोणत्या बाजूनें पिळीत, फेकतांना कोणता पाय पुढें असे, वरचा माणूस तो कसा झेली, हें विचारावें आणि वहींत उतरून घ्यावें. इतिहासाचें साधन म्हणून ती वही एखाद्या बखरीहून कमी मोलाची ठरणार नाहीं.

नानांना तें मीं विचारलें नाहीं. भारा डोक्यावर पडला तेव्हां मी हंसलों व घरीं निघून गेलों. त्यांचें तें एक वाक्य तेवढें माझ्याजवळ राहिलें आहे.